लेअर मास्क: पिक्सेल न पुसता झाकायचा कसा

इरेझरने पुसलेला पिक्सेल परत मिळतो, पण कंट्रोल-झेड चालतं तोवरच. फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली आणि गिऱ्हाईक म्हणालं, "डाव्या कानाची कड कापली गेलीय, तेवढी परत आणा," की मूळ फोटो शोधा आणि सगळं पहिल्यापासून करा. मास्क वापरला की ही वेळ येत नाही. लेअर म्हणजे फाइलमध्ये एकावर एक रचलेल्या चित्रांपैकी एक थर. मास्क लावलेल्या लेअरमधून काहीही कमी होत नाही. कुठला पिक्सेल किती दिसावा याची नोंद शेजारी वेगळी ठेवली जाते आणि ती कधीही बदलता येते.

खालची उदाहरणं मुख्यतः गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फोटोशॉप वापरणाऱ्यांना बटणं वेगळी दिसतील, हिशेब तोच आहे.

ही नोंद म्हणजे लेअरच्याच मापाचं एक कृष्णधवल चित्र. ८-बिट फाइलमध्ये त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. २५५ म्हणजे पांढरा, लेअर तिथे पूर्ण दिसतो. ० म्हणजे काळा, लेअर तिथे अजिबात दिसत नाही आणि खालचा लेअर समोर येतो. मधला करडा रंग म्हणजे दोघांची मिसळ. वरच्या लेअरच्या पिक्सेलची उजळी २०० आहे, खालच्याची ८० आणि मास्कचा आकडा ६४, असं धरा. ६४ भागिले २५५ म्हणजे साधारण ०.२५. वरच्याचा पाव हिस्सा ५०, खालच्याचा पाऊण हिस्सा ६०, बेरीज ११०. फोटोशॉपमध्ये पडद्यावर ११० दिसतो. गिंपचा आताचा 'नॉर्मल' मोड मिसळ वेगळ्या मापात करतो, तिथे आकडा थोडा जास्त येतो, तत्त्व तेच. लाल, हिरवा, निळा या तिन्हींसाठी हाच हिशेब वेगवेगळा होतो. यापलीकडे मास्कमध्ये काहीही नाही.

पण मास्क हे चित्रच असल्यामुळे चित्रावर जे जे करता येतं ते सगळं त्याच्यावरही करता येतं. ब्रश, ग्रेडियंट, ब्लर, लेव्हल्स, दुसरीकडून आणून पेस्ट करणं, सगळं. ही गोष्ट ज्यांच्या लक्षात येत नाही ते वर्षानुवर्षं मास्कवर फक्त काळा ब्रश फिरवत बसतात.

सोपं काम आधी

लग्नाचा ग्रुप फोटो आहे, उजवीकडचे चार चेहरे मांडवाच्या सावलीत गेलेत. पूर्ण फोटो उजळला तर डावीकडचे पांढरे फटक पडतात.

कंट्रोल-शिफ्ट-डीने लेअरची प्रत काढा. वरची प्रत कलर्स मेनूतल्या कर्व्हजने उजळा, सावलीतले चेहरे नीट दिसतील इतकी. डावी बाजू त्यात बिघडेल, बिघडू द्या. आता लेअर मेनूत मास्क, त्यात 'अॅड लेअर मास्क'. खिडकीत सात पर्याय येतात. त्यातला ब्लॅक निवडा. उजळलेला लेअर पूर्ण झाकला जाईल आणि फोटो होता तसा दिसेल. मग कीबोर्डवर डी दाबा, रंग काळा-पांढरा होतात. एक्स दाबला की ते अदलाबदल होतात, पांढरा पुढे आणा. मऊ कडेचा ब्रश घ्या, हार्डनेस २५ च्या आत, आकार चेहऱ्याएवढा, ओपॅसिटी (रंग किती दाट बसतो ते) २० टक्के. चेहऱ्यांवरून फिरवा. जास्त उजळलं तर एक्स दाबून काळ्याने मागे आणा. पुसण्याचा प्रश्नच नाही.

२० टक्क्यांचा ब्रश पाच वेळा फिरवला की १०० टक्के होतील, असा समज असतो. तसं होत नाही. प्रत्येक हात उरलेल्या भागाच्या २० टक्के चढवतो. पहिल्या हाताला २०, दुसऱ्याला ३६, तिसऱ्याला ४९, पाचव्याला ६७, आणि दहा हात मारले तरी ८९ च. चेहरा हळूहळू उजळायला हे फार सोयीचं आहे. पण पार्श्वभूमी काढून टाकायची असेल तर हाच ब्रश घात करतो. डोळ्यांना सगळं गेल्यासारखं वाटतं, मास्कमध्ये मात्र २०-२५ चा करडा उरलेला असतो आणि मागच्या भिंतीचं भूत छपाईत उमटतं. पूर्ण झाकायचं असेल तिथे ओपॅसिटी १००.

आणखी एक: गिंपमध्ये माऊसचं बटण न सोडता त्याच जागेवर कितीही घासलं तरी एकच हात धरला जातो. बटण सोडून पुन्हा दाबलं की दुसरा. टूलच्या पर्यायांत 'इन्क्रिमेंटल' चालू केलं तर मात्र एकाच हातात थर चढत जातो.

काहीच होत नाही, किंवा भलतंच होतं

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मास्कऐवजी फोटोवरच रंग लावणं. लेअर्सच्या यादीत एका ओळीत दोन छोटी चित्रं असतात, डावीकडे फोटो आणि उजवीकडे मास्क. ज्याच्याभोवती पांढरी चौकट, ब्रश त्याच्यावर चालतो. फोटोवर काळे फराटे उठले तर कंट्रोल-झेड करा, मास्कच्या चित्रावर एकदा क्लिक करा आणि पुन्हा सुरू करा.

ब्रश फिरवला आणि काहीच घडलं नाही, तर आधी सिलेक्शन बघा. कधीतरी केलेलं छोटंसं सिलेक्शन फोटोच्या कोपऱ्यात जिवंत असतं आणि त्याच्या बाहेर ब्रश चालत नाही. गिंपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए, फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी. तरीही काही नाही, तर ब्रशचा मोड 'नॉर्मल' आहे का ते पाहा. लाल किंवा निळा रंग घेऊन मास्कवर रंगवलं तर एरर येत नाही, तो रंग आपल्या उजळीप्रमाणे करडा होऊन बसतो. म्हणून अर्धवट पारदर्शक डाग दिसले की पुढचा रंग खरंच काळा किंवा पांढरा आहे ना, ते तपासायचं.

मास्क प्रत्यक्ष डोळ्यांनी बघणं हा सगळ्यात चांगला उपाय. गिंपमध्ये मास्कच्या चित्रावर आल्ट दाबून क्लिक केलं की फोटोच्या जागी मास्कच दिसतो आणि चित्राची चौकट हिरवी होते. कंट्रोल दाबून क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद, चौकट लाल. काही लिनक्स डेस्कटॉपवर आल्ट-क्लिकने खिडकीच सरकते. तिथे राइट-क्लिक करून 'शो लेअर मास्क' निवडा. फोटोशॉपमध्ये बघायला आल्ट-क्लिकच, पण बंद करायला शिफ्ट-क्लिक, आणि चित्रावर लाल फुली येते. तिथे कंट्रोल-क्लिक केलं तर मास्कचं सिलेक्शन होतं, त्यामुळे दोन्हीकडे काम करणाऱ्यांचा गोंधळ उडतो.

मास्क असा उघडा करून पाहिला की उरलेले करडे ठिपके लगेच दिसतात. ब्रशने एकेक मारत बसू नका. मास्क निवडलेला असतानाच कलर्समधून लेव्हल्स उघडा, इनपुटची खालची बाजू ० वरून १५ करा आणि वरची २५५ वरून २४०. १५ च्या खालचं सगळं पक्कं काळं आणि २४० च्या वरचं सगळं पक्कं पांढरं होतं. कडेचे मधले आकडे बऱ्यापैकी जसेच्या तसे राहतात.

दोन फोटो एकत्र: आकाश आणि गड

राजगडाची संजीवनी माची भर दुपारी टिपली की एक गोष्ट हमखास होते. तटबंदी नीट दिसावी म्हणून एक्स्पोजर वाढवलं तर आकाश पांढरं पडतं, आणि आकाश सांभाळलं तर माची काळी. म्हणून ट्रायपॉडवरून दोन फोटो घ्यायचे आणि मास्कने जोडायचे. कंट्रोल-आल्ट-ओने दोन्ही एकाच फाइलमध्ये लेअर म्हणून उघडा. खाली गडद फोटो, ज्यात आकाश चांगलं आहे. वर उजळ फोटो, ज्यात जमीन चांगली आहे. मास्क फक्त वरच्याला.

फक्त वरच्याला, हे मुद्दाम. दोन्ही लेअरना उलटसुलट मास्क लावायचा मोह होतो, वर जमीन ठेवून आकाश झाकलं आणि खाली आकाश ठेवून जमीन झाकली. जोडाच्या रेषेवर दोन्ही मास्क ५० टक्क्यांवर असतात. वरचा अर्धा दिसतो, उरलेल्या अर्ध्याचा अर्धा खालचा दिसतो, मिळून ७५ टक्के. बाकीच्या २५ टक्क्यांतून त्याखाली जे काही असेल ते डोकावतं, आणि क्षितिजावर एक फिकट किंवा काळपट पट्टा उमटतो. खालचा लेअर अखंड ठेवायचा, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

क्षितिज सपाट असेल, समुद्र किंवा माळरान, तर ग्रेडियंट पुरतो. पांढरा मास्क लावा, जीने ग्रेडियंट टूल घ्या, 'एफजी टू बीजी' निवडा, पुढचा रंग काळा ठेवा. आकाशात सुरू करून क्षितिजाच्या थोडं खाली सोडा. कंट्रोल दाबून ओढलं तर रेषा १५ अंशांच्या टप्प्यांनी सरकते, म्हणून ती नेमकी उभी ठेवता येते. एंटर दाबेपर्यंत दोन्ही टोकं हलवून बघता येतात.

गडावर मात्र ग्रेडियंट फसतो. बुरूज क्षितिजाच्या वर डोकावतो आणि त्याचं डोकं आकाशाबरोबर गडद फोटोत जातं. खालून उजळ आणि वरून काळवंडलेला बुरूज दिसला की दोन फोटो जोडलेत हे कोणालाही कळतं. इथे मास्क हातानं रंगवायचा नाही, फोटोतूनच काढायचा. आधीचा मास्क 'डिलीट लेअर मास्क'ने काढा. पुन्हा 'अॅड लेअर मास्क', या वेळी 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेअर' निवडा आणि खालच्या 'इन्व्हर्ट मास्क'वर खूण करा. उजळ फोटोत आकाश २३० ते २५० असेल तर उलटल्यावर ते ५ ते २५ होतं. दगड, गवत ४० ते १२० असेल तर ते १३५ ते २१५ होतं. मग मास्कवर लेव्हल्स, खालची बाजू ३०, वरची १३०. आकाश पूर्ण काळं, जमीन पूर्ण पांढरी, आणि तटबंदीची नागमोडी कड फोटोने स्वतःच काढून दिलेली. तुमच्या फोटोतले आकडे वेगळे असतील. लेव्हल्सच्या खिडकीतल्या हिस्टोग्राममध्ये (कुठल्या उजळीचे किती पिक्सेल आहेत त्याच्या आलेखात) आकाश आणि जमिनीचे दोन डोंगर दिसतात, त्यांच्या मधल्या दरीच्या अलीकडे-पलीकडे ते धरायचे.

जमिनीवर जे पांढरं असेल, चुन्याची भिंत म्हणा किंवा कुणाचा टीशर्ट, तेही आकाश समजून झाकलं जातं. ते १०० टक्के पांढऱ्या ब्रशने परत उघडा. शेवटी कड जरा मऊ करायला गॉशियन ब्लर, १ ते २ पिक्सेल. ३०-४० दिला तर मास्कचा पांढरा भाग कडेबाहेर आकाशात सांडतो, तिथे उजळ फोटोतलं पांढरं आकाश उघडं पडतं आणि गडाला प्रभावळ येते. वारा असेल तर दोन फोटोंतलं गवत वेगवेगळ्या जागी असतं. मास्क जिथे करडा आहे तिथे ते दुहेरी दिसतं, त्यामुळे गवताळ कडेवर करडा पट्टा शक्य तितका अरुंद ठेवा.

केस

माणूस कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवायचा, हे फ्लेक्सच्या दुकानात रोजचं काम. फ्लेक्सवरचे चेहरे हेल्मेट घातल्यासारखे दिसतात, कारण केस लॅसोने गोलाकार कापलेले असतात. केसांचा मास्क रंगवून किंवा लॅसोने होत नाही. तो चॅनलमधून, म्हणजे फोटोतल्या लाल, हिरव्या किंवा निळ्या अशा एकाच रंगाच्या उजळीच्या चित्रातून, काढावा लागतो.

निळसर भिंतीसमोर काळ्या केसांचा माणूस आहे. तिन्ही रंगांच्या चॅनलपैकी भिंत ज्यात सर्वांत उजळ तो चॅनल घ्यायचा, कारण केस तर तिन्हींत काळेच आहेत. इथे निळा. लेअरची प्रत काढा, कलर्स मेनूत कॉम्पोनंट्स, त्यात 'एक्स्ट्रॅक्ट कॉम्पोनंट', आरजीबी ब्लू. 'इन्व्हर्ट'वर खूण करा, म्हणजे केस पांढरे आणि भिंत गडद होईल. आता लेव्हल्सने भिंत काळी करा, पण एकदम ओढू नका. भिंत पूर्ण काळी व्हायला जितकं लागतं तितकंच, नाहीतर बारीक बटा आधी जातात. चेहरा आणि कपडे या चित्रात तुकड्यातुकड्यांनी करडे दिसतील. कडेपासून आत राहून ते पांढऱ्या ब्रशने भरून टाका. सिलेक्शन नसताना कंट्रोल-सी. मूळ लेअरला पांढरा मास्क लावा, मास्क निवडलेला असताना कंट्रोल-व्ही. यादीत 'फ्लोटिंग' नावाची ओळ येईल, कंट्रोल-एच दाबून ती मास्कमध्ये बसवा. नंतर कृष्णधवल प्रत लपवा.

मास्क अचूक झाला तरी कडेला भिंतीची फिकट झालर राहते, आणि लोक मास्कवरच पुन्हा पुन्हा मेहनत करतात. इथे दोष मास्कचा नसतो. बटेच्या कडेचा एक पिक्सेल घ्या. त्यात अर्धा केस, उजळी ३०, आणि अर्धी भिंत, उजळी २४०. नोंदलेला आकडा साध्या सरासरीने १३५ धरा. मास्क म्हणतो अर्धा दाखव, बरोबरच म्हणतो. नवी पार्श्वभूमी गडद, २०. हिशेब १३५ चा अर्धा अधिक २० चा अर्धा, म्हणजे ७७ च्या वर. यायला हवा होता ३० चा अर्धा अधिक २० चा अर्धा, २५. भिंतीचा उजेड पिक्सेलच्या रंगात मुरलेला आहे आणि मास्क रंग बदलत नाही.

उपाय दोन. कड टणक असेल, खांदा किंवा कोट, तर मास्क थोडा आत सरकवा. मास्कवर दीड पिक्सेलचा ब्लर, मग लेव्हल्समध्ये खालची बाजू १२८. अर्ध्याहून कमी असलेलं सगळं काळं होतं आणि कड साधारण पिक्सेलभर आत येते. केसांना हे केलं तर बटा गळतात. तिथे मास्कला हात न लावता फोटोच्या चित्रावर क्लिक करा आणि कडेच्या बटांवर केसांचाच रंग उचलून ब्रशने भरा, किंवा आतल्या केसांतून क्लोन करा. पारदर्शकता मास्क सांभाळतो, तुम्ही फक्त रंग सुधारता. एकजात पांढऱ्या पार्श्वभूमीवर 'कलर टू अल्फा' हेच काम पुष्कळ अंशी आपोआप करतं. फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट अँड मास्क'मधलं 'डीकंटॅमिनेट कलर्स' त्यासाठीच आहे, पण ते पिक्सेलचे रंग कायमचे बदलतं, म्हणून नवा लेअर करूनच वापरा.

फेदरचे, म्हणजे कड किती पिक्सेल मऊ करायची त्याचे, आकडे इंटरनेटवरून उचलू नका. १००० पिक्सेल रुंदीच्या चित्रावर ५ पिक्सेल म्हणजे चांगलीच मऊ कड, ६००० च्या फोटोवर तेच जेमतेम जाणवतं. शेजारच्या वस्तूंची कड फोटोत किती धारदार आहे ते १०० टक्के झूमवर बघून ठरवा. मागे गेलेला, आउट ऑफ फोकस खांदा आणि फोकसमधलं नाक यांना एकच फेदर दिला की माणूस पुठ्ठ्याचा दिसतो.

क्विक मास्कही याच घरातला, फक्त तो लेअरवर नाही तर सिलेक्शनवर काम करतो. गिंपमध्ये शिफ्ट-क्यू, फोटोशॉपमध्ये नुसता क्यू. न निवडलेला भाग तांबडा दिसतो. हा तांबडा रंग छापखान्यातून आला आहे. ऑफसेट आणि स्क्रीन प्रिंटिंगसाठी कलाकार रुबीलिथ नावाची तांबडी फिल्म ब्लेडने कापून मास्क करत. कॅमेऱ्यातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल उजेड कळत नाही, त्यामुळे फिल्मला तो भाग काळाच वाटायचा, आणि कापणाऱ्याला मात्र आरपार दिसायचं. (अनशार्प मास्क या फिल्टरचं नावही डार्करूममधलंच, पण त्याचा इथल्या मास्कशी संबंध नाही. तो फोटो धारदार करायचा फिल्टर आहे.)

अक्षरांत फोटो, आणि शिरोरेषेची भोकं

इंकस्केपसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये (जिथे चित्र पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांचं असतं) दोन गोष्टी असतात, क्लिप आणि मास्क. क्लिपला आत किंवा बाहेर एवढंच कळतं, कड धारदार, करडा नाही. मास्कमध्ये वरच्या वस्तूची उजळी मोजली जाते, पांढरं दाखवतं आणि काळं झाकतं. म्हणून इंकस्केपमध्ये काळ्या अक्षरांचा मास्क लावला की फोटो गायब होतो. अक्षरं पांढरी करा, किंवा क्लिप वापरा, क्लिपला रंगाशी देणंघेणं नसतं. झाकणारी वस्तू नेहमी वर ठेवायची, दोन्ही निवडायच्या, ऑब्जेक्ट मेनूत क्लिप किंवा मास्क, आणि 'सेट'.

मराठी अक्षरांची एक खास अडचण आहे. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्यावर किंचित चढवलेली असते. मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांमध्ये, बदलून कंट्रोल-केने 'कम्बाइन' केला आणि भरण्याचा नियम 'इव्हन-ऑड' असला, तर जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात ती जागा आत न धरता बाहेर धरली जाते. शिरोरेषेवर दर अक्षरागणिक बारीक पांढरं भोक पडतं. छोट्या आकारात ते लक्षात येत नाही, दहा फुटी बॅनरवर लांबून दिसतं. कम्बाइनऐवजी 'युनियन' करा, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. सगळ्या रेघा मिळून एकच आकार होतो. पाथ केल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा त्याआधी मूळ मजकुराची एक प्रत लपवून ठेवा.

फाइल देताना: मास्क जिवंत ठेवायचा तर गिंपची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी. पीएनजीमध्ये मास्क लागू होऊन पारदर्शकता उरते, झाकलेलं परत उघडता येत नाही. जेपीजीमध्ये पारदर्शकताच नसते, तिथे मागे एक रंग भरला जातो. पारदर्शक पीएनजी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तर तिची जेपीजी होते. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.